कॅडलोचा माळ आणि हेडलीमामा

माझे दोन मामा एका माळापायी वीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्यातला एक त्याच माळावर मेला. गेला तो थोरला, इनॉक. ही हकिकत मागे राहिलेल्याची आहे, हेडली स्टिकलँडची. गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. चांगलंही बोलत नाहीत. नाव निघालं की लोक चहाचा कप उचलतात आणि पावसाचं काही बोलतात.

कॅडलोचा माळ म्हणजे वाळू. वर वीतभर काळपट माती, खाली पांढरी वाळू, आणि तिच्याखाली लोखंडासारखा एक थर, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येणारा. दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला कुठलाही शेतकरी तिकडे बघून थुंकायचा. तिथं हेदर उगवतं, गुडघाभर उंचीचं काटकुळं झुडूप. ऑगस्टात तीन आठवडे जांभळं, बाकी वर्षभर गंजल्यासारखं तपकिरी. आणि फर्झ उगवतं, अंगभर काटे आणि वर पिवळी फुलं. सखल भागात दलदल. आता तिथं मोटारी लावायला जागा केली आहे आणि लोक लांबून फोटो काढायला येतात. आईच्या लहानपणी तिथून कोण आलं म्हटलं की पोरं नाक दाबायची. माळावरच्यांच्या अंगाला धुराचा वास येई.

तो धूर टर्फचा. हेदरच्या मुळांसकट मातीची लादी कापायची, उलटी घालून वाळवायची, हिवाळाभर चुलीत घालायची, तिला टर्फ म्हणतात. जमीन मोठ्या मालकाची, पण टर्फ कापायचा, फर्झ तोडायचा आणि दोन गाई सोडायचा हक्क माळावरच्या घरांचा होता. माझ्या आजोबांच्या आजोबांनाही तो कुणी दिलेला नव्हता, तो होताच. फर्झ पावाच्या भट्टीत जाई, हेदर छपरावर आणि झाडूंना. हिवाळा सरता सरता वारा बघून एखादा पट्टा जाळायचा, म्हणजे गाईंना कोवळं फुटे. अशी शेकडो वर्षं माणसं त्या माळाला ओरबाडत आली होती आणि म्हणूनच तो माळ राहिला होता. पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं. आम्हाला ती नुसती गरिबी वाटायची.

स्टिकलँडांचं घर माळाच्या मध्यावर होतं. माती आणि पेंढ्याच्या भिंती, हेदरचं छप्पर, मागे आजीची परसबाग. त्या वाळूत काही पिकत नाही, पण आजीच्या सासूनं आणि तिच्याही सासूनं डुकराचं शेण, राख आणि खरकटं घालून घालून त्या एका तुकड्याची माती काळीभोर केली होती. तिथं कोबी यायचा, वाटाणा यायचा, आंबट लाल देठांचा रूबार्ब यायचा. इनॉक सगळ्यांत मोठा, मग माझी आई मर्सी, मग हेडली. इनॉकचा एक पाय लहानपणापासून लंगडा होता. त्यामुळे तो माळ सोडून कुठे गेला नाही, आणि सोडायची त्याची इच्छाही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी वसंतात लष्कराचा एक अधिकारी मोटारीतून आला. रणगाड्यांच्या सरावासाठी माळ हवा होता. महिना संपायच्या आत घरं रिकामी करा, लढाई संपली की परत या, असं तो म्हणाला. आजीनं त्याला चहा दिला. निघायच्या दिवशी सामान गाडीवर गेलं, पण डुक्कर चालवत न्यायचं होतं, आणि माळाच्या हद्दीवर येऊन ते जे बसलं ते उठेचना. इनॉक पुढून कान ओढतोय, हेडली मागून ढकलतोय, आणि दोघं हसून हसून चिखलात बसलेले. आई हे सांगताना नेहमी म्हणायची, त्या दोघांना एकत्र हसताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

पुढच्या वर्षी हेडलीमामाला पलटणीत बोलावणं आलं. तो इटलीत लढला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. परत आला तेव्हा आजी वारली होती, आणि माळ परत मिळाला नव्हता. अर्ध्या माळावर सराव चालूच राहिला, लाल निशाणं लागलेली. उरलेला अर्धा, ज्यात आमचं घर होतं, मालकाच्या वारसानं वनखात्याला देऊन टाकला. घराचा नेम धरून गोळे मारले होते. धुराड्याचा खांब आणि एक भिंत उभी होती. बागेत मात्र रूबार्ब वाढून बिया धरून बसला होता.

इनॉकमामानं माळाच्या कडेला, टर्फ गल्लीच्या टोकाशी, पत्र्याची एक खोपटी उभी केली आणि तिथं राहू लागला. हेदरचे झाडू बांधायचा, फर्झ तोडायचा, एक तट्टू पाळायचा. आपला हक्क आहे म्हणायचा, आणि कुणी अडवायलाही आलं नाही. हेडलीनं वेमथच्या आयव्हीशी लग्न केलं. ती शहरातली, नळाचं पाणी बघत वाढलेली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष दोघं आमच्या घरी मागच्या खोलीत राहिले. तिथं भिंतींना ओल होती आणि आयव्हीमामीचं पहिलं मूल पोटातच गेलं. पुढे दुसरं झालं नाही. वनखात्यानं माणसं घ्यायला सुरुवात केली, पगाराबरोबर विटांचं घर, नळ आणि न्हाणीघर. हेडलीमामा गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते, आणि आईही तेव्हा तेच म्हणाली होती.

काम काय, तर माळ नांगरायचा. साध्या नांगरानं नव्हे, तो खालचा लोखंडी थर फोडणारा मोठा नांगर, ट्रॅक्टरमागे. हेदर उलथून पाडायचं आणि सऱ्यांत पाइनची रोपं लावायची. नोकरीला लागून दोन उन्हाळे गेल्यावर नांगर आमच्या जुन्या घरापाशी आला. मी आठ वर्षांची होते. आई मामाचा डबा घेऊन गेली होती आणि मी तिच्याबरोबर. धुराडं आधीच पाडलं होतं. ट्रॅक्टरवर हेडलीमामा, बाजूला मुकादम आणि चार गडी, आणि समोर बागेच्या तुकड्यात इनॉकमामा काठी टेकून उभा.

"तिथं आईची चूल होती," इनॉक म्हणाला.

"होती," हेडली म्हणाला. "आता वीटसुद्धा नाही. बाजूला हो."

"आणि नाही झालो तर?"

"तर हे माझ्याऐवजी दुसरा कुणी नांगरेल आणि मी घरी जाऊन बायकोला सांगेन की सामान बांध. बाजूला हो, इनॉक. माझ्या पोटावर उभा आहेस तू."

इनॉकनं काठी उचलली. मग बाजूला झाला. जाता जाता सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लाव तुझी झाडं. एक दिवस सगळी जाळून टाकीन, बघशील."

गडी हसले. मुकादम म्हणाला, म्हातारं तापलंय. इनॉक तेव्हा चाळिशीचाही नव्हता. हेडलीमामा हसला नाही, त्यानं ट्रॅक्टर चालू केला आणि बागेवरून नेला. आईनं डबा बांधावर ठेवला आणि माझा हात धरून ती निघाली.

त्यानंतर ते दोघं बोलले नाहीत. एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, एकाच पबमध्ये, आणि शब्द नाही. बासष्टचा हिवाळा फार भयंकर पडला, बर्फ नाताळनंतर आलं ते मार्चपर्यंत हललं नाही. इनॉकमामा छातीच्या दुखण्यानं खोपटीत पडून होता. हेडलीमामानं पाइनच्या ओंडक्यांची एक गाडी त्याच्या दारापुढे रिकामी केली आणि निघून गेला. इनॉकमामानं त्यातलं एकही लाकूड जाळलं नाही. भिंतीकडेला रचून ठेवली, तिथंच ती कुजली. मी त्याला सूप द्यायला जायची. एकदा त्यानं उशाखालून रुमाल काढून उघडला. आत फर्झमधले वटवटे होते, लांब शेपटीचे ते इवलेसे लालसर पक्षी, थिजून टणक झालेले. सकाळी काठीनं झुडूप हलवलं तर फळांसारखे खाली पडले, म्हणाला. त्या वर्षानंतर कॅडलोवर तो पक्षी कितीतरी वर्षं दिसला नाही.

इकडे पाइन वाढत होते. हेडलीमामाला त्यांचं खरोखरच कौतुक होतं, हे सांगायला हवं. मी मोठी झाल्यावर तो मला एकदा आत घेऊन गेला. काळोख, पायाखाली सुयांची गादी, एक पानही हिरवं नाही, पक्षी नाही, फक्त वर कुठेतरी वारा. "बघ, रेषेत कशी आहेत," तो म्हणाला. "या मातीत काही येत नाही म्हणायचे. सगळी माझ्या हातची." मी विचारलं, घर कुठे होतं? त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, इथंच कुठेतरी.

मग शहात्तरचा उन्हाळा आला. मे महिन्यापासून पाऊस नाही. ओढे आटले, दलदलीला भेगा पडल्या, आणि हेदर हातात धरलं की चुरा व्हायचं. ऑगस्टअखेर एका दुपारी पाइनच्या पश्चिमेकडून धूर दिसला. तासाभरात आग झाडांच्या शेंड्यांवरून पळायला लागली. राळ उकळून खोडं फुटायची, तो आवाज गावात ऐकू यायचा. बंबवाले आले पण त्यांना आत जाता येईना, कारण लढाईतले न फुटलेले गोळे जमिनीखाली तापून उडत होते. रस्त्यावरून साप, सरडे, ससे पळत होते, काही पेटलेले. हेडलीमामा आणि वनखात्याचे गडी झोडपण्या घेऊन कडेकडेनं आग मारत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्याच्या कडेला बसला होता, भुवया जळालेल्या, हातांना फोड. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

हवालदार बगलर सायकल हातात धरून आला. त्याचंही तोंड काळं झालं होतं. आग लागली कशी, कुणी लावली असेल असं वाटतं का, असं त्यानं विचारलं. तो सगळ्यांनाच विचारत होता.

हेडलीमामानं वर पाहिलं. समोर पंचवीस वर्षांची झाडं काळ्या काठ्यांसारखी उभी होती.

"माझ्या भावाला विचारा," तो म्हणाला. "तो म्हणाला होता जाळीन म्हणून. साक्षीदार आहेत."

"इनॉकनं? कधी म्हणाला?"

"कधी म्हणाला ते सोडा. म्हणाला होता."

बगलर खोपटीकडे गेला. खोपटी रिकामी, तट्टू मोकळं सोडलेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की इनॉक स्टिकलँडनं पाइन पेटवले आणि पळून गेला. पबमध्ये त्याचा पेला खुंटीला टांगलेला असे, तो कुणीतरी काढून फोडला. लंगडा माणूस पळून किती लांब जाणार, हे कुणाच्या मनात आलं नाही. आईच्या आलं. ती सारखी दारात जाऊन उभी राहायची.

जमीन निवल्यावर तो सापडला. टर्फ गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या घरांच्या रांगेमागे जुन्या हेदरचा एक पट्टा पाइनच्या आणि घरांच्या मधे उरला होता, तिथं. टर्फ कापायचं लांब दांड्याचं फावडं शेजारी पडलेलं. त्यानं तो पट्टा खरवडून उघडा केला होता, वाळू दिसेपर्यंत, आजोबा करायचे तसा, आग अडवायला. एका लंगड्या माणसानं जेवढं होईल तेवढं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं. धुरानं गेला, डॉक्टर म्हणाले. आग त्या पट्ट्यापर्यंत येऊन थांबली होती. त्याच सुमारास वाराही पडला होता, त्यामुळे ती पट्ट्यानं थांबली की वाऱ्यानं, हे कुणी सांगू शकलं नाही.

फावडं आणि पट्टा सगळ्यांनी पाहिला. तरी गाव म्हणालं, लावली त्यानंच, मग घाबरला. स्वतःच्याच आगीत सापडला. अंत्यविधीला पाद्री, आई, मी आणि आयव्हीमामी. हेडलीमामा आला, पण चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि खड्ड्यापाशी आला नाही. आई परतताना त्याच्याजवळ थांबली. मला वाटलं ती रडेल. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू त्याच्या खोपटीत एकदा डोकावून तरी यायचं होतंस, बगलरला पाठवायच्या आधी."

ती पुढे चालू लागली.

नोव्हेंबरात खरं काय ते कळलं. शहरातलं एक जोडपं सुट्टीला येऊन पाइनच्या पश्चिमेला मोकळ्या जागेत तंबू टाकून राहिलं होतं. चहा करायचा स्टोव्ह कलंडला. पेटलं तसे ते मोटार काढून पळाले. महिनोन्महिने गप्प राहिले आणि मग बायकोला राहवेना, ती आपणहून पोलिसांकडे गेली. कोर्टानं दंड केला. गावातले लोक आता इनॉकच्या थडग्यावर फुलं ठेवायला आले. आईनं ती गोळा केली आणि चर्चच्या भिंतीपलीकडे चिडवणीच्या खाजऱ्या रानात टाकून दिली. हे तिनं आणखी दोनदा केलं, मग लोक थांबले.

ती बाई हेडलीमामाच्या घरीही आली. आयव्हीमामीनं मला नंतर सांगितलं. पंचविशीची असेल, कोट घट्ट आवळून दारात उभी. आत यायला तयार नव्हती. तिनं माफी मागितली, पाठ करून आल्यासारखी. मामा चौकटीला हात लावून ऐकत राहिला.

"तुमच्या हातून झालं ते चुकून झालं," तो म्हणाला. "स्टोव्ह कुणाचाही पडतो. मी बोललो ते चुकून बोललो नव्हतो. तुम्ही घरी जा."

ती गेल्यावर तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला, आणि आयव्हीमामी म्हणाली, अंधार पडेपर्यंत मी खिडकीतून त्याची पाठच बघत होते. त्या दिवसापासून तो पबला गेला नाही. चर्चलाही जाईनासा झाला. आईच्या दारावरून जाताना टोपीला हात लावायचा, थांबायचा नाही. आई आत असली तर तशीच आत राहायची.

वनखात्यानं ती जळलेली जमीन पुन्हा लावली नाही. गोळे होते, खर्च होता, आणि लाकडाला भाव राहिला नव्हता. हेडलीमामाला काढून टाकलं. आयव्हीमामी दोन वर्षांनी पोटाच्या गाठीनं गेली. मग जमीन एका निसर्ग संस्थेनं घेतली, राखीव केली, आणि कॉलिन प्राउस नावाचा तरुण तिथं राखणदार म्हणून आला. दाढीवाला, गोड स्वभावाचा, दिवसभर चिखलात. त्याला हवा होता माळ, पूर्वी होता तसा. आणि माळ आपणहून वर येतही होता. पाइनखाली पंचवीस वर्षं दबलेलं हेदरचं बी जमिनीत जिवंत होतं. आगीनंतर तिसऱ्या वर्षी राखेतून त्याचे कोंब सगळीकडे दिसायला लागले. पण त्यांच्याबरोबर पाइनही उगवले, तापून उघडलेल्या बोंडांतून लाखोंनी पडलेले. शिवाय बर्चची रोपं. हातानं उपटायला माणूस हवा होता. प्राउसनं हेडलीमामाला विचारलं, कारण जमीन माहीत असलेला आणि बेकार असा दुसरा कुणी नव्हता.

आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे लावायचा पगार घेतला, आता उपटायचा घेणार." मी मामाला विचारलं, घेणार का काम? तो म्हणाला, "मला दुसरं काय येतं, पोरी?"

मग वर्षानुवर्षं त्यानं तेच केलं. ऑक्टोबर ते मार्च, वाऱ्यात, पावसात, गोणपाट कमरेला बांधून, वाकून वाकून. एका सरीत जायचा, दुसरीत यायचा. नांगराच्या सऱ्या अजून दिसत होत्या, तो त्यांच्याच रेषेनं चालायचा. प्राउस त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करी. डबा खाताना सांगे, हा माळ देवानं केलेला नाही, त्या तिकडच्या टेकाडांत हजारो वर्षांपूर्वी पुरलेली माणसं आहेत ना, त्यांनी इथलं जंगल तोडलं, दोनचार पिकं घेतली, माती धुपून गेली आणि हे उरलं. पुढे तुमच्यासारख्यांनी कापून, जाळून, चारून तसं ठेवलं. हात काढला की पंचवीस वर्षांत जंगल. हेडलीमामा ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "म्हणजे पहिल्यापासून नासाडीच आहे." प्राउस हसला आणि म्हणाला, तसंही म्हणता येईल. मामा हसला नव्हता, हे प्राउसनंच मला सांगितलं.

परत काय काय आलं, तर रातवा पहिल्यांदा. संध्याकाळी जमिनीवर बसून चरख्यासारखा घरघरणारा पक्षी. मोकळी, जळकी जमीन त्याला आवडते. चंडोल आले. मऊ अंगाचा एक दुर्मिळ साप मात्र त्या आगीत संपला तो संपला, आणि हिरव्या कुशीचे वाळूतले सरडे दुसरीकडून पिंजऱ्यात आणून सोडावे लागले. प्राउस आनंदानं आम्हाला बोलवायचा. हेडलीमामा सरडे सोडताना पिंजरा धरून उभा राहिला आणि झालं की पुन्हा कामाला गेला.

एका हिवाळ्यात प्राउसला माळाच्या मध्यावर एक हिरवा डाग खटकायला लागला. सगळीकडे हेदर, आणि तिथं चिडवण, लांब गवत, काटेरी वेली. माती तिथं फार सकस आहे, तो म्हणाला. हेदरला गरीब माती लागते. वरचा हातभर थर खरवडून उचलून न्यायचा, खाली वाळू लागली की हेदर येईल. त्यानं फीत टाकून खुंट्या मारल्या आणि पुढच्या आठवड्यात यंत्र मागवायचं ठरवलं. हेडलीमामा बाजूला उभा होता.

ती जागा कुणाची होती हे प्राउसला कुणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक पबमध्ये. प्राउस दुसऱ्या दिवशी धावत मामाकडे आला. मी तिथं होते, मामाच्या छातीला शेक देत. दारातच म्हणाला, "स्टिकलँड, ते तुमचं घर होतं हे मला ठाऊक नव्हतं. आपण ते तसंच ठेवू. एक तुकडा राहिला म्हणून माळाचं काही बिघडत नाही."

"कशाला ठेवायचं?" मामा म्हणाला.

"तुमच्या लोकांची खूण म्हणून."

"चिडवण आहे ती." मामानं सदरा खाली ओढला. "हेदरला चालत नसेल तर काढायला हवी. यंत्र नको. मी काढतो."

प्राउसनं माझ्याकडे पाहिलं. मी मामाला म्हटलं, आईला तरी विचार. तो म्हणाला, "तिला सांग. विचारू नकोस."

मी सांगितलं. आई बटाटे सोलत होती. सोलणं थांबवलं नाही. "करू दे त्याला," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ती माती आमच्या आजीनं टोपलीनं वाहिली आहे. मी पण वाहिली आहे." आणि बटाट्याचं पातेलं चुलीवर ठेवलं.

सगळा फेब्रुवारी हेडलीमामा ते खणत होता. पासष्टीला आलेला माणूस, छाती वाजतेय, फावडं आणि ढकलगाडी. काळी माती सुटायची, आत कोळसा, शिंपले, फुटक्या बशांचे निळे तुकडे, डुकराचा एक जबडा. तो काही उचलून बघत नसे. रूबार्बचा एक जाड गड्डा निघाला, इतक्या नांगरणीनंतर आणि आगीनंतरही जिवंत, लाल कोंब फुटलेला. मी म्हटलं, हा मी घरी नेते. त्यानं माझ्या हातात दिला. मी तो आईच्या बागेत लावला, पण आईनं त्याचं कधी गोडाचं काही केलं नाही, आणि एका पावसाळी वर्षात तो सडून गेला.

माती रस्त्याकडेला ढिगानं पडली होती. नव्या घरांच्या बागांसाठी लोकांनी ती पोती भरभरून नेली. खाली वाळू लागली तेव्हा मामानं फावडं धुतलं, प्राउसला सांगितलं झालं म्हणून, आणि पुन्हा पाइनच्या रोपांकडे वळला. त्या जागी हेदर यायला पाच उन्हाळे लागले. आता कुठे काय होतं ते मलाही दाखवता येत नाही.

शेवटची तीन वर्षं तो वृद्धाश्रमात होता, फुप्फुसं निकामी झाली होती. मी रविवारी जायची. एकदा ऑगस्टात त्याला चाकाच्या खुर्चीतून माळाच्या कडेपर्यंत नेलं. सगळं जांभळं, क्षितिजापर्यंत, मधमाश्यांचा गुंजारव, मोटारीतून उतरून लोक वा वा करत होते. मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्यानं टोपी मागे सारून पाहिलं. मग विचारलं, "तो त्या दिवशी खणत होता तेव्हा त्यानं मला हाक मारली असेल का?"

मी म्हटलं, मामा, तू त्या बाजूला नव्हतासच. वारा उलटा होता. ऐकू आलं नसतं.

"ऐकू आलं नसतं, ते वेगळं," तो म्हणाला. "मारली असेल का?"

मी खुर्ची वळवली. त्यानंतर त्यानं माळाचं नाव काढलं नाही, आणि ख्रिसमसच्या आधी गेला. इनॉकमामाच्या शेजारची जागा आईनं स्वतःसाठी राखून ठेवली होती. मी तिला विचारलं, ती हेडलीमामाला देशील का, एकदाच. तिनं नाही म्हटलं. त्याला आयव्हीमामीजवळ पुरलं, दुसऱ्या बाजूला, यू नावाच्या सदाहरित झाडाच्या सावलीत, जिथं गवत नीट येत नाही. आई अंत्यविधीला आली, पहिल्या बाकावर बसली, सगळी प्रार्थना म्हटली. आता तीही इनॉकजवळ आहे.

प्राउस बदली होऊन उत्तरेला गेला. माळावर आता भाड्यानं आणलेली तट्टं चरतात, कुंपण आहे. पाइन अजून उगवतात. सराव चालतो त्या पलीकडच्या हद्दीतून बी उडून येतं. पगारी माणूस परवडत नाही, म्हणून महिन्यातल्या एका रविवारी गावातले हौशी लोक जमतात, मीही जाते. गेल्या खेपेला वारा फार बोचरा होता आणि तिघंच आलो. माझी कंबर आता वाकत नाही, त्यामुळे मी लहान रोपं सोडून देते आणि उभ्यानं हाताला येतात तेवढीच उपटते. जेवणाच्या सुमारास पाऊस लागला. आम्ही घरी आलो.